पाटा-वरवंटा बोटीत चढवायचा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ३८. पती बँकेत अधिकारी आहेत आणि त्यांची तीन वर्षांसाठी अंदमानातल्या शहीद द्वीप बेटावर बदली झाली आहे. घरात चौथीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पती म्हणतात, सामान विकून टाकू, घर भाड्याने देऊ आणि माणशी दोन बॅगा घेऊन निघू. सासूबाई म्हणतात, संसार हलणार असेल तर तो पूर्ण हलेल : शिसवी कपाट, देवघर, तांब्या-पितळेची भांडी आणि त्यांच्या सासूबाईंचा पाटा-वरवंटासुद्धा. पाट्यावरून घरात दोनदा भांडण झालं आहे. पत्रलेखिकेचा जीव तिच्या पुस्तकांत, लग्नातल्या पैठणीत आणि जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये अडकला आहे. ती विचारते, "तिथे काहीच मिळत नाही असं सगळे सांगतात. मग सगळं न्यायला नको का? काय न्यायचं आणि काय ठेवायचं याची यादी करून द्याल का?"

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मनातल्या मनात यादी करायलाच लागले होते, कारण या वाटेने मी गेलेली आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आमचा तीन वर्षं मिडल अंदमानातल्या रंगतला संसार होता. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की पत्रात कपाटाबद्दल आहे, पाट्याबद्दल आहे, पैठणीबद्दल आहे; पण सासूबाईंना तिकडे यायचं आहे का, याबद्दल एक ओळही नाही. त्या येणारच, असं सगळ्यांनी धरलेलं दिसतं. त्याकडे मी पुढे येते. आधी बेटाचं सांगते, म्हणजे ते बोलणं सोपं जाईल.

शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील. २०१८ मध्ये नाव बदललं, तरी बोटीवरची माणसं अजून नीलच म्हणतात. पोर्ट ब्लेअरहून साधारण ३६ किलोमीटरवर आहे. पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, त्यामुळे कागदपत्रांवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. २०११ च्या जनगणनेत नीलची वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. आपल्याकडच्या मध्यम गावाएवढी. गावांची नावं सासूबाईंना जरूर सांगा : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसवलं, शेती केली, आणि आज अंदमानात नील ओळखलं जातं ते भाजीपाल्यासाठी.

म्हणून "तिथे काहीच मिळत नाही" हे पहिलं गृहीत थोडं बाजूला ठेवा. भाजी, केळी, नारळ आणि मासे तुम्हाला सांगलीपेक्षा ताजे मिळतील. कांदे-बटाटे, डाळी, गहू हे मेनलँडहून जहाजाने येतं. मेनलँड, म्हणजे भारताची मुख्य भूमी, हा शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल, लवकरच तुमच्याही तोंडी बसेल. समुद्र खवळला, बोटी थांबल्या की हे जिन्नस कमी होतात, महाग होतात. म्हणजे वस्तू मिळते, पण हवी त्या दिवशी मिळेलच असं नाही. हा फरक सामान ठरवताना फार उपयोगी पडतो. आठवडाभर थांबता येईल अशी वस्तू ओढून नेऊ नका. एक दिवसही जिच्यावाचून अडेल ती मात्र स्वतःबरोबर ठेवा, मागून येणाऱ्या सामानात टाकू नका.

आता सामान कसं जातं ते बघा. सांगलीच्या घरातून ट्रकमध्ये. ट्रकमधून चेन्नईच्या गोदामात. गोदामातून कंटेनरमध्ये. मग समुद्रातून सुमारे १२०० किलोमीटर. पोर्ट ब्लेअरला कंटेनर उघडून पुन्हा गाडीत, गाडीतून माल नेणाऱ्या लहान बोटीत, बोटीतून जेट्टीवर, जेट्टीवरून पिकअपमध्ये आणि मग घरात. एकेक वस्तू आठ वेळा उचलली-ठेवली जाते, आणि त्यातल्या एक-दोन वेळा खाली लाटांवर हलणारी बोट असते. तुमचं शिसवी कपाट चार माणसं उचलतील, मला शंका नाही. पण बोटीच्या फळीवरून चार माणसं एकाच पावलाने चालत नाहीत. दोन माणसांना उचलता येणार नाही अशी एकही वस्तू बेटावर नेऊ नये, असं मला रंगतच्या जेट्टीवरच्या एका जुन्या हमालाने सांगितलं होतं. त्याचं ऐकायला मला उशीर झाला होता. माझा दिवाण तोवर येऊन पोचला होता, एका बाजूने उकललेला.

प्रवासी जहाज चेन्नईहून तीन दिवसांत पोचतं, त्यामुळे सामानही आठवडाभरात येईल असं माणूस धरतो. आमचं सामान चौतिसाव्या दिवशी आलं. ते मध्ये कुठे तरी उघड्यावर भिजलं होतं आणि जबाबदारी कोणीच घेतली नाही. पावती होती, पण तिच्यावर "घरगुती सामान, ४१ नग" एवढंच लिहिलेलं. तेव्हा प्रत्येक खोक्यावर मोठा आकडा घाला, आत काय आहे ते वहीत लिहा, बंद करण्यापूर्वी फोटो काढा, आणि वाहतुकीचा विमा समुद्रप्रवासासह उतरवला आहे ना हे कागदावर वाचून घ्या, तोंडी नको. बँकेच्या नियमांत किती वजनाचा, कोणत्या मार्गाने नेलेल्या सामानाचा खर्च मिळतो, हे ट्रक ठरवण्याआधीच लेखी विचारून घ्या. केंद्र सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठीही सांगते, इतरत्र बदली झाली तर बदली अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के असतं, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपसाठी ते १०० टक्के असतं. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं.

पाठवायचा काळही महत्त्वाचा. बँकांच्या बदल्या बहुधा एप्रिल-मेमध्ये होतात, आणि अंदमानात मेच्या मध्यापासून पाऊस सुरू होतो. म्हणजे सगळ्यांचं सामान नेमकं वाईट वेळी निघतं. तुमच्या यजमानांना रुजू व्हावंच लागेल, पण त्यांच्याबरोबर घर हलवलंच पाहिजे असं नाही. त्यांनी पुढे जावं, घर बघावं. घर बघताना छप्पर पत्र्याचं आहे की स्लॅबचं, पाण्याची टाकी केवढी, विहीर असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आटते का, स्वयंपाकघरात वारा आरपार जातो का, एवढं नक्की विचारावं. आणि दारांची रुंदी मोजून तुम्हाला कळवावी. समुद्राच्या मधोमध राहून पाण्याची चणचण सोसावी लागते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पाऊस थांबल्यावरचे महिने तसेच जातात.

आता दमट हवेबद्दल. यादी खरं तर तीच ठरवते, आपण नाही. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा ऐकून कोकणातली माणसं म्हणतील, त्यात काय, आमच्याकडेही पडतो. खरं आहे. पण कोकणात ऑक्टोबरचं ऊन येतं आणि घराघरातून गाद्या, गोधड्या, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या अंगणात येतात. घर वाळतं. अंदमानात नैऋत्येचा पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्येचा येतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. वाळवायचे दिवस जवळजवळ जानेवारीतच मिळतात. सात-आठ महिने न वाळलेलं घर काय करतं ते एकदा पाहिलं की सामानाकडे बघण्याची नजर बदलते.

प्लायवूड आणि भुशाच्या फळ्यांचं फर्निचर फुगतं, मग त्याचे थर सुटतात. ते सांगलीतच विका, यात तुमचे यजमान बरोबर आहेत. चामड्याच्या चपला, पट्टे, पर्स यांच्यावर आठ दिवसांत पांढरी बुरशी येते. कापसाच्या गाद्या पाणी धरतात. गोधड्या आणि चादरी न्या, गाद्या पोर्ट ब्लेअरला घ्या. लोखंडी कपाटाला खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, पण लहान दोनदारी कपाट तीन वर्षं काढतं. त्यात जुन्या पद्धतीचा तारेचा लहान बल्ब लावून ठेवा. त्याच्या उबेने कपडे कोरडे राहतात. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. शिवाय अंदमान भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात आहे, तेव्हा झोपायच्या जागेजवळ उंच, जड कपाट नसलेलंच बरं.

तांब्या-पितळेची भांडी काळवंडतात, हिरवी पडतात, पण चिंचेने पुन्हा उजळतात. त्यांचं नुकसान होत नाही. फक्त कल्हई करणारा मला तीन वर्षांत भेटला नाही. म्हणून पूजेची भांडी आणि पाण्याचा हंडा न्या, स्वयंपाकाची पितळी पातेली ठेवा. रोजचं स्टील. पत्र्याचे आणि जाड प्लास्टिकचे फिरकीच्या झाकणाचे डबे जितके नेता येतील तितके न्या, तेच खोकी म्हणूनही वापरा. मुंग्या, उंदीर आणि ओल या तिन्हींपासून वाचवणारं घरात दुसरं काही नाही. फ्रिज आणि मिक्सर चांगल्या स्थितीत असतील तर न्या, फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर हवाच. इन्व्हर्टरची बॅटरी नेऊ नका, तिकडेच घ्या. गॅसचं सिलिंडर एजन्सीत जमा करून बदलीचा कागद घ्यायचा, सिलिंडर सामानात घालायचं नाही. स्कूटर नेणार असाल तर आरटीओचं ना-हरकत पत्र लागेल आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तिकडचा क्रमांक घ्यावा लागेल. त्या छोट्या बेटावर मुलाला सायकल पुरे आहे.

ज्वारी-बाजरीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगलीच्या बाईला तो प्रश्न पडणारच. ती बेटं भातावर जगतात. धान्य नेलंत तर सोंडे होतात, पीठ नेलंत तर महिन्यात वास येतो. दोन-दोन किलोची हवाबंद पाकिटं, आणि कोणी येणार असेल तेव्हा पुन्हा. गोडा मसाला काचेच्या बरणीत. पापड-सांडगे थोडे.

आणि आता तुमची पुस्तकं, पैठणी आणि अल्बम.

माझ्या वडिलांची पत्रं माझ्याकडे होती. मी शिकायला पुण्याला होते तेव्हा त्यांनी दर आठवड्याला लिहिलेली, साधारण दोनशे. रंगतला जाताना मोठ्या भावाने म्हटलं, माझ्याकडे ठेव. मी म्हटलं, नको, ती माझ्याजवळच राहतील, दुसऱ्याच्या घरात कोण बघणार. चांगल्या सुटकेसमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून नेली. पहिल्या पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा आतल्या बाजूने प्लास्टिकला पाणी सुटलेलं होतं आणि पत्रं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. शाई निळ्या डागासारखी पसरलेली. सुटी करता आली ती सतरा. जे जपायचं ते जवळ ठेवायचं, हे आपण आईकडून, आजीकडून शिकलो. कोरड्या देशावर ते खरंही असतं. तिथे मी ते इतक्या विश्वासाने केलं, की महिनेमहिने बॅग उघडून बघावं असंही वाटलं नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, जे पुन्हा मिळणार नाही ते नेऊ नका. अल्बममधला एकेक फोटो मोबाईलने नव्हे, दुकानात नेऊन नीट स्कॅन करून घ्या, प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि अल्बम कोरड्या घरात ठेवा. पैठणी आईकडे किंवा बहिणीकडे मलमलीत गुंडाळून द्या आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलायला सांगा. पुस्तकांतली पुन्हा विकत मिळतील अशी वीस-पंचवीस न्या, मनसोक्त वाचा, बुरशी आली तर वाईट वाटून घेऊ नका. स्वाक्षरी असलेली, कोणी दिलेली, आता न छापली जाणारी सांगलीत राहू द्या. घराची कागदपत्रं, मुलाचा जन्मदाखला, पॉलिसी यांच्या साक्षांकित प्रती न्या, मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये.

मग यजमानांचंच खरं का, माणशी दोन बॅगा? नाही, तेही मला पटत नाही. रंगतला मी अशी घरं पाहिली. तीन वर्षांसाठीच तर आलो आहोत, म्हणून पडदे लावलेले नाहीत, ताटं चारच, पाहुणा आला तर बसायला खुर्ची नाही, अर्धी खोकी न उघडता भिंतीला लावून ठेवलेली, परत जाताना सोयीची म्हणून. त्या घरातल्या बायका कॅलेंडरवर दिवस खोडत. तीन वर्षं हा लहान काळ नाही. तुमचा मुलगा चौथीतून सातवीपर्यंत जाणार. त्याचं बालपण तिथे होणार आहे, ते बॅगेतून कसं काढता येईल? दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. तुमच्या घरातलं साधारण तिसरा हिस्सा सामान, सगळं लहान, सगळं धुता-पुसता येणारं, गेलं तरी चालेल असं, आणि त्यात घर वाटायला लावणाऱ्या चार-पाच वस्तू. बाकीचं सांगलीच्या घरातल्या एका खोलीत कुलूप लावून ठेवा आणि उरलेलं घर भाड्याने द्या. सगळं विकलंत तर परत आल्यावर शून्यातून जमवावं लागेल. आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांचा पन्नास वर्षांचा संसार विकणं म्हणजे काय, ते तुमच्या यजमानांनी एकदा शांतपणे मनात आणून बघावं. ते वाईट माणूस आहेत असं मला अजिबात वाटत नाही. बदलीच्या काळजीत माणूस सगळं हलकं करायला बघतो.

सासूबाईंकडे येते.

पाट्यावरून दोनदा भांडण झालं, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला आणि यजमानांना तो हट्ट वाटतो. पण विचार करा, "संपूर्ण संसार हलवा" असं एखादं माणूस कधी म्हणतं? एक तर त्याला खरंच नवीन जागी मुळासकट रुजायचं असतं. नाही तर "मला जायचं नाही" हे तोंडाने म्हणता येत नसतं, म्हणून ते सामानाचं ओझं इतकं वाढवतं की निघणंच अवघड व्हावं. यातलं तुमच्याकडे कोणतं आहे ते मला इथून कळणार नाही. तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. मुलाने विचारलं तर त्या "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतील. तुम्ही विचारा, दुपारी, दोघीच असताना. "काय काय न्यायचं" असं विचारू नका. "आई, तुम्हाला तिकडे यावंसं वाटतं का, आणि नसेल वाटत तर कुठे राहायला आवडेल?" असं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका.

त्यांना खरं सांगा. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, आणि मध्ये समुद्र आहे. वादळी हवेत बोटी बंद असतात. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या जवळ ठेवाव्या लागतील आणि निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून डॉक्टरांचं स्पष्ट मत घ्यावं लागेल. जेट्टीवर बोटीत चढता-उतरताना गुडघे लागतात. शेजारी बांगला बोलतील, हिंदी सगळ्यांना येते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण घड्याळ आपलंच आणि जागा फार पूर्वेला. सांगलीला ज्या वेळी त्या फिरायला निघत असतील त्या वेळी तिथे दिवेलागण झालेली असेल. पहिल्या महिन्यात मला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला होता, मन उगीच बसल्यासारखं व्हायचं. नंतर पहाटे पाचला उठायची सवय लागली आणि दिवस पुन्हा मोठा झाला.

चांगलंही सांगा. आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेलच डोळ्यांसमोर येतो. पण १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं थेट ग्रेट निकोबारवर नेऊन वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. नीलच्या पुष्कळ दक्षिणेला, दाट जंगलात, मराठी बायकांनी चुली मांडल्या. आणि नीलवरच्या तुमच्या शेजारणींच्या आज्या-सासवा तर घर मागे टाकून, हाताला लागेल ते गाठोडं घेऊन आलेल्या. सामान आणि समुद्र यांचं नातं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आमच्या शेजारच्या बंगाली माशी (म्हणजे मावशी) पहिल्याच दिवशी आल्या आणि काय कमी आहे असं न विचारता भाताचं पातेलं आणि डाळ ठेवून गेल्या. पुढे तीन वर्षं आमच्या घरातून त्यांच्याकडे पुरणपोळी आणि त्यांच्याकडून आमच्याकडे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचा बंगाली पदार्थ, असा व्यवहार चालू होता.

एक मधला मार्ग सुचवते. तो तुमच्यासारख्या बऱ्याच घरांना चालेल. सासूबाईंनी पहिल्या खेपेला तुमच्याबरोबर येऊच नये. यजमान पुढे जातील, तुम्ही आणि मुलगा शाळेच्या सोयीने जाल. तिकडे सीबीएसई आहे, वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा दाखल्याचं आधी बघा. सासूबाईंनी त्यांना आवडेल त्या माणसाकडे, मग ती मुलगी असो वा बहीण, पाऊस काढावा आणि जानेवारीत, समुद्र शांत असताना, परतीचं तिकीट हातात घेऊन यावं. चार महिने राहाव्यात. रुजल्या तर राहतील, नाही तर मे उजाडण्याआधी परत जातील, आणि कोणीच कोणाला टाकलं असं होणार नाही. परतीचं तिकीट असलं की माणूस नव्या जागेकडे निवांत बघतं. त्यांना यातलं काहीच मान्य नसेल आणि पहिल्या बोटीनेच यायचं असेल, तर डॉक्टरांच्या होकारानंतर तोही निर्णय त्यांचाच.

देवघर नेऊ नका, देव न्या. टाक आणि बाळकृष्ण सासूबाईंच्या किंवा तुमच्या हातातल्या पिशवीत, खोक्यात नाही. कपाट राहू द्या.

पहिल्या पंधरा दिवसांचं एक वेगळं बोचकं बांधा, ते विमानाने किंवा जहाजाने तुमच्याबरोबरच जाईल : कुकर, एक पातेलं, पोळपाट-लाटणं, चार ताटं, मच्छरदाण्या, चादरी, दोरी, टॉर्च, औषधं, मुलाची पुस्तकं आणि एक खेळ. पोर्ट ब्लेअरहून नीलला जाणाऱ्या वेगवान खाजगी बोटींवर सामानाची मर्यादा असते, ती तिकीट काढतानाच विचारा. सरकारी बोट हळू जाते, पण बोचकी घेऊन जायला बरी. मुलाला दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, कारण ओहोटी-भरती आणि मगरी यांचं त्यांना कळतं. आणि किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ घरात आणायचे नाहीत. ते बेटावरून बाहेर नेणं कायद्याने गुन्हा आहे.

राहिला पाटा. त्यावर यजमान हसले, असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या सगळ्या यादीत ओल, मीठ, बुरशी, वाळवी यांतल्या कशालाही न भिणारी तेवढी एकच वस्तू आहे. वीज गेली की मिक्सर बसतो, आणि तिथे नारळ रोज वाटायचा असतो. वीस-पंचवीस किलोंचा असेल, म्हणजे दोन माणसं आरामात उचलतील. सासूबाई आत्ता येवोत की जानेवारीत, त्यांना हवा असेल तर तो आधी जाऊ द्या. पाटा गोणपाटाच्या तीन थरांत शिवून घ्या, टाकी लावलेला खडबडीत भाग आतल्या बाजूला ठेवून. वरवंटा मात्र त्याच्यावर बांधू नका, बोट हलली की पाट्याची कड उडते. तो वेगळा गुंडाळून तुमच्या गोधड्यांच्या खोक्यात मधोमध ठेवा आणि त्या खोक्यावर "जड" असं हिंदीत आणि इंग्रजीत, चारही बाजूंनी लिहा.